दृष्टांत हरवतो तेव्हा

इंदूरच्या बडा गणपतीचा जन्मच स्वप्नातून झाला. उज्जैनचे पंडित नारायण दाधीच यांना दृष्टांत झाला आणि त्यांनी किरीटापासून पायांपर्यंत २५ फुटांची ही मूर्ती घडवली, असं इथले लोक सांगतात. मूर्ती अखंड पाषाणातली नाही. विटा, चुना, गूळ, मेथीदाणे, सप्तपुरींची माती आणि तीर्थांचं पाणी अशा साहित्यातून ती उभी राहिली आहे. वर्षातून चार वेळा तिला तूप-शेंदराचा चोळा चढतो आणि एवढ्या प्रचंड अंगावर लेप द्यायला कित्येक दिवस लागतात. दृष्टांत एका रात्रीत झाला, लेपाचं काम आजतागायत चालू आहे.

पण असं देवाने दिलेलं स्वप्न मोडल्यासारखं वाटतं, तेव्हा नेमकं काय मोडलेलं असतं? दृष्टांतात आज्ञा असते, ती पार पाडण्याचं साधन असतं आणि आपण मनाशी धरलेलं फळ असतं. तिन्ही एकच मानली की साधन बुडताच श्रद्धाही बुडते.

तुकोबांचं उदाहरण इथे सर्वांत बोलकं आहे. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करायला सांगून गेले, हे तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे. पुढे त्याच अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. देवाने सांगितलेलं काम देवाच्याच नदीत गेलं! परंपरा सांगते की तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्याविना नदीकाठी बसून राहिले. हे बसणं मुकाट सोसणं नव्हतं, देवाच्या दारात धरलेलं धरणं होतं. त्या प्रसंगाचे म्हणून जे अभंग आहेत, त्यांत तक्रार आहे, रुसवा आहे, जाब विचारणं आहे. श्रद्धा टिकवायची म्हणजे तोंड मिटून बसायचं, हा समज माझ्या मते साफ चुकीचा आहे. ज्याच्यावरचा विश्वास उडाला, त्याच्याशी कोण भांडत बसेल? शिवाय बुडाल्या त्या वह्या. अभंग रचण्याची आज्ञा पाण्याने पुसली जाणारी नव्हती.

पण तुकोबांच्या वह्या पाण्यातून वर आल्या असं परंपरा सांगते, तशा प्रत्येकाच्या वह्या वर येत नाहीत. ही बाजू टाळून केलेलं विवेचन लबाडीचं ठरेल. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ मध्ये सोळा वर्षांच्या माधवराव पेशव्यांवर मोडलेलं राज्य सावरण्याचं काम आलं. दहा वर्षांत त्यांनी ते सावरलंही, १७७२ च्या आरंभी मराठी फौजांनी मुघल बादशहाला दिल्लीत परत आणलं. तोवर क्षयाने माधवरावांचं शरीर पोखरलं होतं. अखेरच्या दिवसांत ते थेऊरला चिंतामणी गणपतीच्या देवळात येऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तिथेच वारले. बरं होण्याचं मागणं पुरं झालं नाही, तरी त्यांनी गणपतीचा उंबरा सोडला नाही. फळावर टेकलेली निष्ठा इतकं सोसू शकत नाही. नात्यावर टेकलेलीच सोसते.

म्हणून ज्याचं स्वप्न मोडलं आहे, त्याला धीर देताना इंद्रायणीची गोष्ट जरूर सांगावी, पण थेऊरची वगळू नये. आणि तो देवावर चिडला असेल, तर त्याला गप्प करू नये.