बारा वर्षांची मुलगी आणि शिष्यवृत्ति

१८८२ सालीं शिक्षणाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या हंटर कमिशननें ज्या अनेक शिफारशी केल्या, त्यांत स्त्रीशिक्षणासंबंधीं एक लहानसें कलम आहे. मुलींसाठीं निराळ्या शिष्यवृत्त्या ठेवाव्या, आणि मुली शाळेंत अधिक काळ टिकाव्या म्हणून त्यांपैकीं कांहीं बारा वर्षांपुढील मुलींसाठींच राखून ठेवाव्या, असा त्याचा आशय. कमिशनच्या भल्याथोरल्या अहवालांत हें कलम सहज नजरेआड होतें. परंतु ज्यानें तें लिहिलें त्याला ह्या देशांतील मुलीची शाळा कोणत्या वयांत सुटते हें नेमकें कळलें होतें, यांत शंका नाहीं.

त्याच कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन सादर केलें. फुले घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ सालीं त्याच जिल्ह्यांत नायगांवीं झाला. १८४८ सालीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढणाऱ्या ह्या दांपत्यास, शाळा उघडणें निराळें आणि मुलगी शाळेंत टिकविणें निराळें, हें कोणी शिकवावयास नको होतें. निवेदनांत जोतीरावांनीं शिष्यवृत्त्यांचा प्रश्न काढला. चढाओढीनें शिष्यवृत्ति देणें वरवर न्याय्य दिसतें. पण ज्या वर्गांत विद्येचा प्रसारच झालेला नाहीं, त्यांच्यांत तो होण्यास त्या पद्धतीचा उपयोग होत नाहीं. म्हणून कांहीं शिष्यवृत्त्या अशाच वर्गांना द्याव्या, असें त्यांचें म्हणणें होतें. शिष्यवृत्ति हें हुशारीचें बक्षीस, कीं शाळा सुटूं नये म्हणून दिलेला आधार, हा तो वाद आहे. बक्षीस पहिल्या आलेल्या मुलीला मिळतें; आधार लागतो तो जिच्या नांवापुढें गैरहजेरीच्या खुणा वाढूं लागल्या आहेत तिला.

सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग तोडून १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा झाला, व १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. त्यांतील वाळवा तालुक्याचें ठाणें इस्लामपूर. २०२५ सालीं राज्यशासनानें ह्या गांवाचें नांव ईश्वरपूर करण्याचें ठरविलें. एकीकडे कृष्णा, दुसरीकडे वारणा, मध्यें काळी कसदार जमीन, असा हा मुलूख. मुलूख सधन खरा, पण हायस्कूल म्हटलें कीं ठाण्याचें गांव गांठावें, ही खेड्यांची स्थिति पुष्कळ वर्षें होती. मुलगा चार-पांच मैल पायीं जाई, नाहीं तर एखाद्या नातेवाइकाकडे राही. मुलीला दोन्ही वाटा बंद. त्यांत लग्नाची घाई. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरविलें. १९४९ सालीं तें पंधरा व १९७८ सालीं अठरा झालें. कायदा पुढें गेला, रूढी त्याच्या मागून रेंगाळत राहिली.

ह्याच तालुक्यांतील ऐतवडे बुद्रुक हें कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या घराण्याचें गांव. दूधगांव, नेर्ले अशा ठिकाणीं विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचा उद्योग करून त्यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली. तेथील बोर्डिंगास छत्रपति शाहूंचें नांव १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें देण्यांत आलें. भाऊरावांनीं ओळखलें तें हें कीं, खेड्यांतील गरीब मुलाचें केवळ फीमाफीनें भागत नाहीं. त्याला निजावयास जागा व पोटाला भाकर लागते. सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसलीं. बोर्डिंगांतील धान्य सरलें तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रहि, मोडून त्या मुलांना जेवूं घातलें. लक्ष्मीबाई १९३० सालीं वारल्या. ह्या मुलखांतील गरिबांच्या शिक्षणास मिळालेली मोठी शिष्यवृत्ति म्हणावयाची ती हीच. ती दिली एका स्त्रीनें, आणि तिचा लाभ झाला तो मुलग्यांना. यांत भाऊरावांना दोष देणें अन्यायाचें होईल. जेथें मुलग्यालाहि परजातीच्या पंक्तीस पाठवितांना आईबाप कचरत, तेथें वयांत येऊं लागलेली मुलगी परगांवच्या वसतिगृहांत कोण ठेवणार?

स्वातंत्र्यानंतर सरकार पुढें आलें. कृष्णाकांठच्या ह्याच टापूंत, देवराष्ट्रें येथें, जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतां १९५९ सालीं कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फीची सवलत मिळाली. ईबीसी ह्या तीन अक्षरांनीं ती खेड्यापाड्यांतून ओळखली जाई. ह्या सवलतीनें कित्येक घरांत पहिला मॅट्रिक झाला. पण मुलीच्या वाटेंतील धोंड्यांत फी हा सर्वांत लहान धोंडा. ती शाळेंत गेली म्हणजे पाणी कोणी भरावें, तान्हें भावंड कोणी सांभाळावें, खुरपणीची मजुरी कोणी आणावी, हे हिशेब फीच्या पावतीवर नसतात.

हा हिशेब सरकारच्या ध्यानांत यावयास १९९० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. १९९२ सालीं प्राथमिक शाळेंतील गरीब मुलींना हजेरीच्या दर दिवसास एक रुपया देण्याचें ठरलें. १९९६ सालीं सावित्रीबाई फुले यांच्या नांवाची शिष्यवृत्ति निघाली. अनुसूचित जाति, विमुक्त जाति व भटक्या जमाति यांतील पांचवी ते सातवीच्या मुलींना दरमहा ६० रुपये, वर्षांतून दहा महिने; २००३ पासून आठवी ते दहावीच्या अनुसूचित जातींतील मुलींना दरमहा १०० रुपये. उत्पन्नाची अट नाहीं, गुणांचीहि नाहीं; मुलीनें शाळेंत यावें, एवढेंच. जोतीरावांनीं मागितली होती ती चढाओढीविना शिष्यवृत्ति ही. मध्यें ११४ वर्षें गेलीं. रक्कम मात्र आरंभींच तुटपुंजी होती, आणि महागाई वाढत असतां ती वर्षानुवर्षें तेथेंच राहिली. खुरप्याच्या मजुरीशीं तिची बरोबरी कधींच झाली नाहीं.

त्याच सुमारास निघालेल्या एका योजनेस कोणी शिष्यवृत्ति म्हणत नाहीं, पण काम तिनें शिष्यवृत्तीहून अधिक केलें, असें म्हणण्यास हरकत नसावी. अहिल्याबाई होळकर यांच्या नांवानें खेड्यांतील पांचवी ते दहावीच्या मुलींना एस. टी. चा पास विनामूल्य मिळूं लागला. पुढें ती सवलत बारावीपर्यंत गेली. सकाळच्या गाडीनें ठाण्याच्या गांवीं जावें व संध्याकाळीं परत घरीं यावें, हें शक्य झालें म्हणजे मुलीला परगांवीं ठेवण्याचा प्रश्नच उरत नाहीं. पैसा बापाच्या हातीं पडला तर तो खतालाहि जातो. पास मुलीच्या दप्तरांत राहतो.

२००८ सालीं केंद्र सरकारनें दोन योजना काढल्या. एकींत आठवीच्या परीक्षेनें निवडलेल्या गरीब विद्यार्थ्यांना वर्षास ६,००० रुपये ठरले, व २०१७ सालीं ते १२,००० झाले. ही पुन्हां चढाओढच, मात्र गरिबांपुरती. दुसरी मुख्यतः अनुसूचित जाति-जमातींच्या मुलींसाठीं होती. नववींत नांव घातलेल्या अविवाहित मुलीच्या नांवें ३,००० रुपयांची ठेव ठेवावयाची. दहावी उतरून अठरा वर्षें पुरीं झालीं म्हणजे ती तिनें काढावयाची. लग्नाची घाई कशानें थांबेल, याचा विचार ह्या योजनेंत होता. पुढें ती बंद झाली.

वाळव्याच्या शिवारांत आणखी एक मुलगी दिसते, जिचें नांव तेथील कोणत्याहि शाळेच्या पटावर नाहीं. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या ऊंसतोडीसाठीं ह्या भागांत उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी मुकादमाची मोजणी. उचल आधींच घेतलेली. बारा-तेरा वर्षांची मुलगी कोपीवर राहून भाकरी थापते व धाकटीं भावंडें सांभाळते. मागें तिला एकटी ठेवण्याचें आईबापांस भय, म्हणून बरोबर आणावी. आणि बरोबर आणली कीं लवकरच तिचें लग्न लावून नवा कोयता उभा करावा, हा क्रम ठरलेला. तिच्या हक्काची शिष्यवृत्ति मराठवाड्यांतील शाळेंत, आणि ती स्वतः सहा महिने कृष्णाकांठच्या फडांत. अशा मुलांसाठीं त्यांच्या गांवींच हंगामी वसतिगृहें काढण्यांत आलीं. आईबाप तोडीवर असतील तेवढे महिने मुलांना तेथें जेवण व निवारा मिळावा, हा हेतु. थोरल्या मुलीला तेथें ठेवावी कीं नाहीं, हें घरचीं माणसें ठरवितात तें रात्रीं तिच्या सोबतीस एखादी बाई राहते कीं नाहीं, हें पाहून.