वस्त्राची खूण

मध्ययुगीन युरोपांत सरदार चिलखतावर जो अंगरखा घालीत, त्यावर घराण्याचें चिन्ह असे. शिरस्त्राणाआड चेहरा झांकला, तरी वस्त्रावरून माणूस ओळखूं येई. वऱ्हाडांत, वाशीम जिल्ह्यांतील शिरपूर येथें, वस्त्र हेंच चिन्ह झालें आहे.

येथील मूर्ति अंतरिक्ष पार्श्वनाथाची, म्हणजे २३ व्या तीर्थंकराची. सर्प हें त्यांचें लांछन जैनांच्या दोन्ही पंथांस मान्य आहे. वाद आहे तो लेपांतील कटिसूत्र व कच्छोटा यांचा. श्वेतांबरांस ते आवश्यक वाटतात. दिगंबरांस नग्नता हीच वैराग्याची खूण वाटते. १९०५ सालीं पूजेच्या वेळा वांटून घेतल्या. तरी १९१० सालीं प्रकरण न्यायालयांत गेलें. १९२९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें व्यवस्था व लेपाचा हक्क श्वेतांबरांस दिला. तरीहि तंटा मिटला नाहीं. १९८१ पासून बंद असलेलें द्वार २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलें.

एका कटिरेषेसाठीं इतकीं वर्षें गेलीं, ह्याचें हंसूं येऊं नये. अंगरख्यावरील चिन्ह ‘मी कोण’ हें सांगे. ही रेषा ‘आम्ही कोण’ हें सांगते. मात्र ज्यानें सर्व परिग्रह टाकला, त्याच्या अंगावर आपली ओळख शोधावी काय, हा प्रश्न दोन्ही पंथांनीं स्वतःसच विचारावा.