बियाण्याची बातमी : शिवारापासून कायद्यापर्यंत

राजूर (ता. अकोले) - भंडारदऱ्याच्या वाटेवरील राजूर ही परिसरातील आदिवासी गावांची बाजारपेठ. भात, नागली, वरई, वाल ही या डोंगराळ भागातील पिके. याच तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाणांचे बियाणे जपले आणि 'बायफ' संस्थेच्या साहाय्याने बियाणे बँक उभी राहिली. २०१८ मध्ये 'बीबीसी'च्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचा समावेश झाला. २०२० मध्ये त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली. त्या वार्तेने 'बीजमाता' घराघरांत पोहोचली. बियाणे टिकते कसे आणि त्यावर हक्क कोणाचा, हे प्रश्न मात्र सन्मानाच्या बातमीत सहसा मावत नाहीत. विज्ञान वार्तांकनाचे काम तेथूनच सुरू होते.

शिवारातील विज्ञान

भातात प्रामुख्याने स्वपरागीकरण होते. त्यामुळे सरळ वाणाच्या निवडक लोंब्यांतून राखलेले बियाणे पुढील हंगामातही बहुतांशी मूळ गुण टिकवते. संकरित वाणाच्या पुढच्या पिढीत हे गुण विखुरतात; म्हणून त्याचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. उगवणक्षमतेची चाचणी घरीही करता येते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि काही दिवसांनी मोड आलेले दाणे मोजावेत. प्रमाणित भात बियाण्यासाठी किमान उगवण ८० टक्के अपेक्षित असते. एवढी माहिती पेरणीपूर्वी छापून आली, तर दुबार पेरणीचे एक कारण टळू शकते.

हक्काची नोंद

'पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१' शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विक्रीचा हक्क देतो; नाममुद्रा लावून विक्री मात्र करता येत नाही. शेतकऱ्यांच्या पारंपरिक वाणांचीही या कायद्यानुसार नोंदणी होते. त्यासाठी वाणाचे वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थैर्य पाहिले जाते. म्हणजेच केवळ 'आजोबांच्या काळापासूनचे' एवढे सांगणे पुरेसे नाही. रोपाची उंची, दाण्याचा रंग, पक्वतेचा काळ यांची नोंद हवी.

लेखी पुराव्याचे मोल हळदीच्या प्रकरणात दिसले. जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. हा उपयोग पूर्वीपासून ज्ञात असल्याचे छापील दाखले सादर झाल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. घरोघरी ठाऊक असलेली गोष्टही कागदावर नसती, तर ती सिद्ध करणे अवघड झाले असते.

धोरण आणि वाचक

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये 'महाराष्ट्र जनुक कोश' प्रकल्पास मान्यता दिली. स्थानिक पीकवाणांसह सात विषयांसाठी पाच वर्षांकरिता १७२.३९ कोटी रुपयांची तरतूद ठरली. अशा घोषणेनंतर किती वाणांची नोंद झाली, बियाणे कोठे साठवले आणि ते परत शेतकऱ्याच्या हाती आले का, हे विचारणे वार्ताहराचे कर्तव्य ठरते.

शहरी वाचकाचाही यात वाटा आहे. 'देशी' म्हणून महाग तांदूळ घेणाऱ्या ग्राहकाला तो अधिक पौष्टिक असल्याचा दावा ऐकवला जातो. तो कोणत्या वाणाबद्दल आहे, कशाशी तुलना केली, दाणा सडीचा की हातसडीचा होता, चाचणी कोणी केली व खर्च कोणी उचलला, हे बातमीत असले पाहिजे. सर्व जुने वाण सरस असतात असे नाही. काहींचे उत्पन्न कमी असते, काही वारा-पावसात लोळतात. ही बाजू सांगितल्याने शेतकऱ्याचे श्रम उणे होत नाहीत. उलट काय जपायचे, कोठे पेरायचे आणि सरकारकडे काय मागायचे, हे त्याला नेमकेपणाने ठरवता येते.