जुना चिमटा, नवी गाडी

मोटारसायकलीला साइडकार जोडली की ती तीन चाकांची मोटारसायकल झाली, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः त्या क्षणी तिची जातच बदलते. दोन चाकांची गाडी वळणावर कलते आणि त्या कलण्यानेच वळते. हँडलाला फारसे श्रम पडत नाहीत. साइडकार जोडलेली गाडी कलू शकत नाही. तिला वळवायचे तर पुढचे चाक मनगटाच्या आणि खांद्याच्या बळावर फिरवावे लागते. या एका फरकातून मोटारसायकलीच्या पुढच्या चिमट्याचा, म्हणजे कारागिरांच्या भाषेत फोर्कचा, एक मोठा मनोरंजक इतिहास घडला आहे.

सायकलस्वाराने हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे एक प्रमुख कारण असे की, हँडलाच्या दांड्याची तिरपी रेषा खाली वाढविली तर ती जिथे जमिनीला मिळते, त्याच्या थोडे मागे चाक जमिनीला टेकते. या दोन बिंदूंमधील अंतरास ‘ट्रेल’ म्हणतात. हे अंतर असल्यामुळे चाक आपोआप सरळ दिशेला येऊ पाहते. दुचाकीला हा गुण वरदान ठरतो. साइडकारच्या गाडीला तोच जाच होतो. चालक चाक वळवू पाहतो आणि चाक सरळ होण्याचा हट्ट धरते. डोंगरी रस्त्यावर तासभर अशी गाडी हाकणाऱ्याचे हात भरून येतात. त्यातच दुर्बिणीप्रमाणे नळीत नळी सरकणारा टेलिस्कोपिक फोर्क बाजूच्या रेट्याने वाकू पाहतो. कारण न कलणाऱ्या गाडीचा सारा आडवा भार त्याच्यावर पडतो.

हा टेलिस्कोपिक फोर्क तेलाच्या दाबाने धक्के शोषणाऱ्या स्वरूपात बाजारातील गाड्यांवर आणण्याचा मान जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कारखान्याला दिला जातो. १९३५ साली त्याच्या आर-१२ या गाडीवर तो आला. महायुद्धानंतर जवळजवळ साऱ्या जगाने त्याचे अनुकरण केले. आणि नेमक्या त्याच कारखान्याने १९५५ साली आपल्या आर-५० आणि आर-६९ या नव्या गाड्यांवरून तो काढून टाकला!

त्याच्या जागी आला तो अर्नेस्ट अर्ल्स या इंग्रज कल्पकाच्या नावाने ओळखला जाणारा फोर्क. हँडलाच्या डोक्यापासून निघालेल्या दोन भक्कम नळ्या चाकाच्या मागे उतरतात. त्यांच्या टोकाशी चाकाला मागून वळसा घालणारा एक दांडा बिजागरीसारखा बसविलेला असतो. या दांड्याच्या पुढच्या टोकांत चाकाचा आस, आणि दोन बाजूंस दोन शॉक ॲब्सॉर्बर. चाक बिजागरीच्या पुढे असते, म्हणून या जातीला ‘लीडिंग लिंक’ असे नाव आहे. आडव्या रेट्याला तो सहज दाद देत नाही. जोराचा ब्रेक लावला असता गाडीचे नाक खाली न जाता किंचित वरच उचलले जाते.

बीएमडब्ल्यूच्या अभियंत्यांनी त्यात आणखी एक सोय ठेवली. बिजागरीसाठी नळ्यांमध्ये दोन जागा केल्या. एक एकट्या गाडीसाठी, दुसरी साइडकारसाठी. दांडा पुढच्या जागी बसविला की चाक पुढे सरकते, ट्रेल कमी होतो आणि हँडल हलके होते. एकच गाडी दोन धर्म पाळू शके, ती या साध्या योजनेमुळे.

परंतु काळ साइडकारला अनुकूल नव्हता. लहान मोटारी स्वस्त झाल्या आणि कुटुंबे साइडकारमधून मोटारीत गेली. वेगाची हौस असणाऱ्या एकट्या स्वाराला अर्ल्स फोर्क जड वाटे. १९६९ साली बीएमडब्ल्यूने नवी मालिका काढली, तीत पुन्हा टेलिस्कोपिक फोर्क आला; साइडकार अडकविण्याचे कानही नव्या सांगाड्यावर राहिले नाहीत.

तेव्हापासून एक वेगळाच उद्योग सुरू झाला. साइडकारचे निष्ठावंत चालक मोडीत निघालेल्या गाड्यांचे लीडिंग लिंक फोर्क शोधून नव्या गाड्यांना बसवू लागले. हे काम दिसते तितके सोपे नाही. अपघातात सापडलेल्या फोर्कची नळी डोळ्यांना सरळ दिसली तरी मापाला वाकडी निघते. सांध्याजवळ केसासारखी चीर असू शकते. बिजागरीचे बुश झिजलेले असले तर चाक डुलू लागते. हँडलाच्या बेअरिंगची बैठक जुळावी लागते. ब्रेकची अडणी योग्य जागी घट्ट धरली गेली नाही तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला ब्रेकची पाटी चाकाबरोबर फिरू पाहते. फोर्कची लांबी बदलली की गाडीचा उतार बदलतो, म्हणून साइडकारची जुळणीही नव्याने करावी लागते. ट्रेल कमी झाल्याने मंद वेगात हँडल थरथरते. त्यासाठी हँडलाला आवर घालणारा डँपर बहुधा लागतोच. या साऱ्या तपासणीत आळस केला तर त्याची किंमत केवळ चालकाला नव्हे, शेजारी विश्वासाने बसलेल्या माणसालाही मोजावी लागते.

भारतीय वाचकाला हा फोर्क अगदीच परका नाही. पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आधारे एस्कॉर्ट्स कारखान्याने १९६० च्या दशकात राजदूत काढली. दुधाच्या किटल्या लादून खेड्यापाड्यांतून धावलेल्या त्या गाडीच्या पुढच्या चाकाला असाच पुढे आलेला दांडा आणि दोन शॉक ॲब्सॉर्बर होते. तिथे साइडकार नव्हती. ओझे मात्र होते आणि रस्ते खडबडीत होते.

रशियाच्या उरल गाडीचा पूर्वज टेलिस्कोपिक फोर्कचाच होता. साइडकारसह विकली जाणारी ही गाडीही पुढे लीडिंग लिंककडे वळली. एका गाडीवर कालबाह्य ठरलेला भाग दुसऱ्या गाडीवर अपरिहार्य ठरतो. कोणत्या भागाला जुने म्हणावे, हे पंचांग पाहून ठरत नाही. त्याच्याकडून कोणते काम घ्यायचे आहे, यावर ते ठरते.