मृगातील तेजोमेघ आणि पुण्याची वेधशाळा

हिवाळ्याच्या निरभ्र रात्री मल्हारगंजातील एखाद्या गच्चीवरून मृगनक्षत्र न्याहाळणाऱ्यास बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका दिसतो. हाच मृगातील तेजोमेघ. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेर त्यावरून मोठा वाद माजला होता. तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, आणि त्यांच्या वर्णपटातील ठळक हिरवी रेषा हा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष, असे नॉर्मन लॉकियर प्रतिपादीत. विल्यम हगिन्स यांस ते मान्य नव्हते.

या वादात पुण्याची साक्ष निघाली. तेथील सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती. तिच्या आखणीत लॉकियर यांचाही सल्ला होता. पट्ट्याचा अवशेष असता तर रेषेची एक कड पुसट दिसली असती. १८९१ साली नायगामवालांना ती सर्वथा रेखीव आढळली, आणि त्यांनी तसे प्रसिद्धही केले. सल्लागाराच्याच सिद्धान्ताविरुद्ध दिलेल्या या साक्षीची आपल्याकडे व्हावी तेवढी दखल घेतली गेली नाही. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली व उपकरणे कोडाईकनालला गेली.

ती रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे १९२७ साली आयरा बोवेन यांनी उलगडले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती खूण होती. याच ऑक्सिजनच्या ५२ व ८८ मायक्रॉनच्या अवरक्त रेषा हवेतील बाष्पामुळे जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. १९७० नंतरच्या दशकात विमानातील दुर्बिणींनी त्या टिपल्या. त्यांवरून वायूची घनता कळते ती अशी : टकरीने उत्तेजित झालेला अणू ८८ मायक्रॉनचा प्रकाश सोडण्यास सरासरी दहा तास घेतो, ५२ चा सोडण्यास तीनच्या आत. वायू दाट असेल तर एवढ्या अवधीत दुसरी टक्कर होऊन ऊर्जा हिरावली जाते. झळ अर्थातच संथ रेषेला अधिक बसते. म्हणून ५२ ची रेषा ८८ च्या मानाने जितकी तेजस्वी, तितका वायू दाट. तापमानाचा या गुणोत्तरावर परिणाम अल्प, आणि धुळीचा अडथळाही दृश्य प्रकाशापेक्षा पुष्कळ कमी.

मृगाच्या तेजोमेघाच्या गाभ्यात एका घन सेंटिमीटरात सुमारे दहा हजार इलेक्ट्रॉन असतात, कडेकडे ते शेकड्यांवर येतात. आपल्या श्वासातील हवेत तेवढ्याच जागेत अडीच कोटी कोटी लक्ष रेणू मावतात.