मेणबत्ती विझवणारा वायू आणि ड्युपाँटची चौदा वर्षं

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा एका वाचकाने मेसेज केला, "साहेब, हल्ली सगळ्या केमिकल कंपन्या हवामान बदलावर बोलायला लागल्यात. अमुक सालापर्यंत उत्सर्जन शून्य करू, तमुक टक्के कमी करू. यातलं खरं किती मानायचं?" प्रश्न रास्त आहे. ५ जून आला की आमच्याकडेही वृक्षारोपणाच्या फोटोंसह प्रेसनोटा येऊन पडतात. पण एकेका प्रेसनोटेवरून निकाल देण्यापेक्षा एका जुन्या कंपनीचं जुनं खातं उघडून बघू. नाव ड्युपाँट.

हे नाव आपल्याला परकं नाही. कोराजन फवारलेला शेतकरी गावोगाव सापडेल. पायोनिअरचं मक्याचं बियाणं, टेफ्लॉनचा तवा, हे सगळं मूळ याच घरचं किंवा या घरात आलेलं. (कोराजन २०१७ साली दुसऱ्या कंपनीकडे गेलं, बियाणंही आता वेगळ्या नावाखाली आहे. त्या वाटण्यांचं पुढे बघू.) १८०२ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये बंदुकीची दारू बनवण्यापासून सुरू झालेली ही कंपनी.

आपली गोष्ट सुरू होते फ्रिजपासून. १९२०च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले वायू असत. गळती झाली की माणसं मरायची. जनरल मोटर्सकडे फ्रिजचा धंदा होता आणि थॉमस मिजली नावाचा हुशार माणूसही होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवा वायू शोधला. विषारी नाही, पेट घेत नाही, वास नाही. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो छातीत ओढून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. एकाच फुंकरीत दोन्ही सिद्ध, माणूस मरत नाही आणि जाळ होत नाही. (पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्तीही याच गृहस्थांची. एकाच माणसाच्या हातून दोन्ही व्हावं, योगायोग म्हणायचा.) त्याच वर्षी ड्युपाँट आणि जनरल मोटर्सने मिळून कंपनी काढली आणि वायू 'फ्रिऑन' नावाने बाजारात आला. शास्त्रीय नाव क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी.

पुढची चाळीस वर्षं या वायूची दिवाळी होती. फ्रिज, एसी, सेंटचे स्प्रे, फोम, सगळीकडे तोच. जगातलं सुमारे पाव उत्पादन एकट्या ड्युपाँटचं.

जून १९७४. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांचा लेख 'नेचर'मध्ये आला. म्हणणं सोपं होतं. हा वायू कशाशीच अभिक्रिया करत नाही म्हणून सुरक्षित, पण म्हणूनच तो नष्टही होत नाही. वर वर चढत जातो. तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतो, त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोन खातो. ओझोन गेला की त्वचेचा कर्करोग, डोळ्यांचे आजार, पिकांचं नुकसान.

इथे एक घोळ निस्तरतो, कारण शाळेच्या पुस्तकांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे तो दिसतो. ओझोनचं छिद्र आणि तापमानवाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छिद्रातून ऊन जास्त येतं म्हणून पृथ्वी तापते, असं नाही. पण दोन्हीकडे आरोपी एकच आहे, आणि हे दाखवणारा माणूस आपला, मद्रासमध्ये जन्मलेले वीरभद्रन रामनाथन. हा गृहस्थ तरुणपणी सिकंदराबादच्या एका फ्रिज कंपनीत इंजिनिअर होता. काम काय? तर फ्रिजमधून गॅस का गळतो ते शोधणं. नोकरी त्यांना अजिबात आवडत नव्हती, असं ते पुढे सांगत. अमेरिकेत गेल्यावर १९७५ साली त्यांनी 'सायन्स'मध्ये मांडलं की सीएफसीचा एक रेणू उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारांहून जास्त रेणूंना भारी आहे. म्हणजे १९७५ सालीच दोन्ही आरोप टेबलावर होते.

ड्युपाँटने काय केलं? सरळ नाही म्हटलं नाही. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आणि वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन कंपनीने शब्द दिला की विश्वासार्ह शास्त्रीय पुराव्यातून धोका दिसला तर आम्ही उत्पादन बंद करू. वाचायला चांगलं वाटतं. पण 'विश्वासार्ह' कशाला म्हणायचं हे ठरवणार कोण, ते त्यात नव्हतं. पुढची चौदा वर्षं त्या एका विशेषणात गेली. मी बातमीदारीत बरीच आश्वासनं छापली आहेत, म्हणून सांगतो, आश्वासनात क्रियापदापेक्षा विशेषण जास्त निरखून बघायचं.

१९७८ साली अमेरिकेने स्प्रेमधल्या बहुतेक सीएफसीवर बंदी घातली. लोकांनी आधीच स्प्रे घेणं कमी केलं होतं. कंपनीने पर्याय शोधायला रसायनशास्त्रज्ञ बसवले होते. पण १९८० साली रेगन निवडून आले, नियंत्रणाची भाषा थंडावली आणि कंपनीने ते संशोधन गुंडाळलं. याच काळात सीएफसी बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या उद्योगांची आघाडी उभी राहिली. तिच्या नावात 'जबाबदार' हा शब्द होता. काम मात्र नवे निर्बंध रोखण्याचं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वात बोलकी गोष्ट हीच. विज्ञान १९८१ साली बदललं नव्हतं, फक्त कायद्याची भीती गेली होती.

मे १९८५. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी हॅली बे इथल्या नोंदी छापल्या. अंटार्क्टिकावर दर वसंतात ओझोन अर्ध्याच्या आसपास घटत होता. इतकं कुणाच्याच गणितात नव्हतं. १९८६ साली ड्युपाँटने सूर बदलला आणि आंतरराष्ट्रीय मर्यादेला पाठिंबा दिला. पर्याय शक्य आहेत, त्यांना बाजार मिळेल असा नियम आला तर साधारण पाच वर्षांत तयार होतील, असंही तेव्हाच कळलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. तरी त्यात कपात निम्म्याचीच होती.

आता १९८८चा मार्च महिना बघा. तीन अमेरिकी सिनेटरांनी कंपनीचे अध्यक्ष रिचर्ड हेकर्ट यांना पत्र लिहून जुन्या शब्दाची आठवण दिली. ४ मार्चला हेकर्ट यांनी उत्तर दिलं. आशय असा की इतकी मोठी कपात करावी असा पुरावा आज तरी नाही. १५ मार्चला नासाच्या पुढाकाराने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या गटाचा अहवाल आला. ओझोन फक्त अंटार्क्टिकावर नाही, उत्तर गोलार्धात लोकवस्तीच्या डोक्यावरही घटतोय. २४ मार्चला ड्युपाँटने जाहीर केलं की सीएफसीचं उत्पादन टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करणार. वीस दिवसांत नकाराचा होकार.

कंपनीला झोडपणं इथे सोपं आहे. पण आतल्या शास्त्रज्ञांनी तो अहवाल गांभीर्याने घेतला, व्यवस्थापनाने त्यांचं ऐकलं, हेही खरं. इतर उत्पादकांच्या आधी ड्युपाँटने उडी मारली. दुसरी बाजू अशी की सीएफसी कंपनीच्या एकूण धंद्याचा लहानसा भाग होता, त्यात नफाही फारसा उरला नव्हता, आणि नवा वायू बनवण्याची तयारी ज्याची जास्त, बंदीचा फायदा त्यालाच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. (गंमत म्हणजे कंपनी १९९४ अखेर उत्पादन थांबवायला निघाली, तेव्हा जुन्या गाड्यांच्या एसीला गॅस कमी पडेल म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानेच आणखी एक वर्ष बनवा असं सांगितलं.)

भारताची भूमिका तेव्हा वेगळी होती. वायू तुम्ही उधळलात, आता महागडं नवं तंत्र आम्ही तुमच्याकडूनच विकत घ्यायचं का? १९९०च्या लंडन बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण मंत्री मेनका गांधी यांनी हा मुद्दा लावून धरला. गरीब देशांसाठी निधी उभा राहिला आणि १९९२ साली भारत करारात आला. १ ऑगस्ट २००८ पासून आपल्याकडे सीएफसीचं उत्पादन जवळपास बंद झालं, दम्याच्या पंपासारखे अपवाद सोडून. तेही मुदतीच्या सतरा महिने आधी. हे आपण फारसं कुणाला सांगत नाही.

जगाच्या हवामानाला याचा किती फायदा झाला? २००७ साली आलेल्या एका अभ्यासानुसार माँट्रियल कराराने टळलेली तापमानवाढ क्योटो कराराच्या पहिल्या टप्प्यातल्या उद्दिष्टाच्या पाच-सहा पट होती. क्योटोच्या नावाने परिषदा गाजल्या, काम मात्र शांतपणे फ्रिजवाल्यांच्या कराराने केलं.

पण नवा वायू काय होता? एचएफसी. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोन वाचला. फ्रिजमधला जुना सीएफसी-१२ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,९०० पट तापवणारा, त्याच्या जागी आलेला एचएफसी-१३४ए सुमारे १,४०० पट. सुधारणा मोठी, पण एक खड्डा बुजवून दुसरा उघडा ठेवलेला.

आता ड्युपाँटच्या हवामानविषयक आकड्यांकडे येऊ. १९९९ साली कंपनीने जाहीर केलं की १९९०च्या तुलनेत हरितगृह वायू २०१० पर्यंत ६५ टक्के कमी करू. तेव्हा असं बोलणाऱ्या मोठ्या कंपन्या थोड्याच होत्या. आणि मुदतीच्या बऱ्याच आधी ती ७० टक्क्यांच्या पुढे गेली. आकडा खरा आहे. पण तो आला कुठून? मोठा वाटा दोन नळ्यांमधून. एक नायलॉनची. नायलॉनसाठी ॲडिपिक ॲसिड बनवताना नायट्रस ऑक्साइड सुटतो, हाच तो हसवणारा वायू, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तीनशे पट भारी. १९९१ साली दोन शास्त्रज्ञांनी हे 'सायन्स'मध्ये दाखवलं, आणि उत्पादकांनी एकत्र बसून तो जाळून किंवा फोडून नष्ट करायचं ठरवलं. दुसरी नळी एचएफसी-२३ची. काही मोजके कारखाने, शेवटच्या टप्प्यावर एक यंत्र, आणि टक्केवारी सर्रकन खाली. चांगलंच झालं. पण कोळसा, वीज, वाहतूक यांचं अवघड गणित त्याने सुटत नाही. २००४ साली तर नायलॉनचा धंदाच कंपनीने विकून टाकला.

नायलॉनवरून गोवा आठवतो. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या पठारावर थापर-ड्युपाँटचा नायलॉन कारखाना यायचा होता. जानेवारी १९९५ मध्ये आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला, एका तरुणाचा जीव गेला आणि प्रकल्प गोव्यातून गेला. तिथल्या लोकांचा मुद्दा हवामान नव्हता. पाणी, जमीन आणि आपल्याला न विचारता घेतलेला निर्णय हा होता. अहवालातली टक्केवारी आणि पठारावरचा माणूस ही दोन खाती कंपन्या वेगवेगळी ठेवतात.

आणि एचएफसी-२३? तो आर-२२ हा एसीचा वायू बनवताना आपोआप तयार होतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या चौदा हजारांवर पट तापवतो. २००५ नंतर भारत आणि चीनमधल्या कारखान्यांना तो जाळल्याबद्दल कार्बन क्रेडिट मिळू लागली. जाळायला खर्च थोडा, क्रेडिटला भाव भरपूर. काही ठिकाणी मूळ मालापेक्षा कचरा जाळल्याचा कागद जास्त कमाई देऊ लागला. २०१३ साली युरोपने ही क्रेडिट बंद केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने कारखान्यांना तो वायू स्वखर्चाने जाळायला सांगितलं. इथेही क्रम तोच, आधी पैसा, मग बंदी, शेवटी हुकूम.

त्याच महिन्यात किगालीत एचएफसी कमी करायचा करार झाला. ड्युपाँट एव्हाना पुढच्या वायूला लागली होती. हनीवेलबरोबर मिळून तिने एचएफओ काढला. कार्बन डायऑक्साइडच्या चारपटही नाही इतका सौम्य, पण पेटंटमध्ये बांधलेला. या जोडीवर युरोपीय आयोगाने २०१४ साली स्पर्धाभंगाचा आक्षेपही काढला होता. हवेत त्याचं विघटन होऊन ट्रायफ्लुरोॲसिटिक ॲसिड बनतं, ते पाण्यात उतरतं आणि सहजासहजी नष्ट होत नाही. त्यावर आता वाद सुरू आहे. आणि शब्द देणारी कंपनी? २०१५ साली फ्रिऑन आणि टेफ्लॉन 'केमोर्स' या वेगळ्या कंपनीत गेले, २०१७ साली ड्युपाँट डाऊमध्ये मिसळली, २०१९ साली तिघांची वाटणी झाली. जुन्या वचनाचा जाब विचारायचा तर आधी सातबारा काढावा लागेल.

कुणाच्याच पेटंटमध्ये नसलेला रस्ताही होता. साधा प्रोपेन आणि आयसोब्युटेन, आपल्या एलपीजीचेच भाऊबंद. जर्मनीत १९९२-९३ मध्ये ग्रीनपीसने असा फ्रिज करून दाखवला. आपल्याकडे गोदरेजने फ्रिजमध्ये हा मार्ग धरला आणि २०१२ साली प्रोपेनवर चालणारा एसी आणला, तोही पुण्याजवळच्या शिरवळच्या कारखान्यात. ज्वलनशील आहे, म्हणून गॅस कमी भरावा लागतो आणि कारागीर शिकलेला लागतो. पण मोठ्या रासायनिक कंपनीला त्यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून त्याची जाहिरात फार ऐकू येत नाही.

किगालीनुसार भारताने एचएफसीचा वापर २०२८ पासून गोठवायचा आहे आणि २०३२ पासून कमी करायचा आहे. तोवर आपल्या तालुक्यातले एसी किती वाढतील, याचा अंदाज तुम्हीच बांधा. जुन्या एसीत साधारण किलोभर आर-२२ असतो. मेकॅनिकने तो गच्चीवर हवेत सोडला, तर सुमारे पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं तापमानवाढीचं खापर. तेवढ्या पेट्रोलवर दुचाकी पस्तीस हजार किलोमीटर जाईल.

तुमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवर एक स्टिकर असतो. आर-२२, आर-४१०ए, आर-३२ की आर-२९०, ते बघा आणि खाली लिहा. गेल्या वेळी गॅस भरताना जुना गॅस मेकॅनिकने सिलिंडरमध्ये काढून घेतला की सोडून दिला, हेही आठवत असेल तर लिहा. पंधरा दिवसांनी आपल्या गावाचा आकडा काढून इथेच टाकतो.