डिचोलीचा समुद्रकिनारा

डिचोली तालुक्याला समुद्र नाही. मयेचा तलाव आहे, हरवळ्याचा धबधबा आणि लेणी आहेत, नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, शिरगावची लईराई देवी आहे, लोहखनिजाच्या खाणी आहेत. पण खारं वारं खायचं तर बार्देश नाहीतर पेडणे गाठावं लागतं. गोव्यातल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. मजकुराच्या साच्याला मात्र ते ठाऊक नसतं.

साचा असा चालतो. टॅक्सीवाला किंवा प्लॉट विकणारा वेबसाइट करून घेतो आणि ती करून देणारा सुचवतो, की बारा तालुक्यांची बारा पानं करू, म्हणजे कुणी कुठलंही नाव टाकून शोधलं तरी आपणच सापडू. आधी पेडण्याचं पान लिहायचं, कारण मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाल्यापासून गिऱ्हाईक तिकडेच वळलं आहे. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी अशी नावं पेरायची. मग त्याच मजकुरात ‘पेडणे’ पुसून ‘डिचोली’ घालायचं. घाईत एखादं वाक्य जसंच्या तसं राहिलं, की डिचोलीला रुपेरी वाळूचा किनारा लाभलाच.

अशा पानांना धंद्यातले लोक ‘डोअरवे पेज’ म्हणतात आणि सर्च इंजिनं त्यांना कमी मोलाची ठरवतात. गूगलच्या नियमांत गावोगावच्या नावांनी केलेली आणि गिऱ्हाईक शेवटी एकाच ठिकाणी नेऊन सोडणारी पानं हे डोअरवेचं ठळक उदाहरण आहे. बडी मंडळीही यातून सुटलेली नाहीत. २००६च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट याच कारणावरून गूगलने निकालातून काढून टाकली होती.

पण पान ‘कमी मोलाचं’ ठरवायची ही रीत आली कुठून?

सगळ्यांना पाठ असलेली वंशावळ थोडक्यात अशी: युजीन गारफील्डने १९६४पासून काढलेली संशोधन-उल्लेखांची सूची, १९७६मध्ये पिन्स्की आणि नारिन यांनी त्या उल्लेखांनाच दिलेलं वजन, आणि १९९८मध्ये ब्रिन व पेज या जोडीने तोच विचार वेबच्या दुव्यांना लावून केलेला पेजरँक. ज्याच्याकडे वजनदारांची बोटं, तो मोठा. हे खरं आहे, पण या वंशावळीतून पान वर का जातं एवढंच कळतं. कुणी बोट दाखवलं नाही म्हणून एखादं पान अप्रसिद्ध ठरेल. निरुपयोगी का ठरावं? पेडण्यातल्या एखाद्या शिक्षकाने गावच्या धालो नृत्यांवर लिहिलेल्या टिपणालाही दुवे नसतात.

दुसरी एक वंशावळ टेलिफोन डिरेक्टरीपर्यंत जाते. यादीत पहिलं नाव लागावं म्हणून धंद्याच्या नावाआधी दोन-तीन ‘ए’ लावायची शक्कल जुनीच. पण त्यात युक्ती करणाऱ्याचा पूर्वज सापडतो, युक्ती पकडणाऱ्याचा नाही.

पकडणाऱ्याचा पूर्वज पोथ्यांच्या खोलीत बसलेला आहे. १४८९मध्ये फ्लॉरेन्सच्या आंजेलो पोलित्सियानोने सिसेरोच्या पत्रसंग्रहाच्या प्रती ताडून पाहिल्या. चौदाव्या शतकातल्या एका प्रतीची बांधणी करताना पानांच्या जुड्या मागेपुढे झाल्या होत्या, आणि नंतरच्या प्रतींत पत्रांचा तोच उलटसुलट क्रम उतरला होता. म्हणजे त्या सगळ्या या एका प्रतीवरून केलेल्या. आणि ही प्रत जिच्यावरून केली ती नवव्या शतकातली पोथी अजून हाताशी होती. मग बाकीच्या प्रती कितीही सुबक अक्षरातल्या असोत, सिसेरोने काय लिहिलं याबाबत त्यांची साक्ष शून्य. पाठचिकित्सेत हा नियमच होऊन बसला: जिची मूळ प्रत उपलब्ध आहे ती नक्कल साक्षीदार म्हणून बाद.

यात दोन गोष्टी एकदम आल्या. नक्कल ओळखायची ती सामाईक चुकीवरून, आणि मोल ठरवायचं ते आधीपासून हाती असलेल्या मजकुरात पडणाऱ्या भरीवरून. पान चांगलं लिहिलंय की वाईट, हा प्रश्न इथं उद्भवतच नाही. डिचोलीचा समुद्रकिनारा ही नेमकी तशी चूक आहे. ते पान पेडण्याच्या पानावरून उतरवलं हे ती चूकच सांगते. गोव्यात तर नकलाकारासाठी सापळेच सापळे आहेत. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे, फोंड्यातही आहे. नार्वे दिवाडी बेटावर आहे आणि नदीपलीकडे डिचोलीतही. सत्तरीतल्या केरीच्या नावाखाली किनाऱ्याचं छायाचित्र दिसलं, की पोलित्सियानोची आठवण व्हावी.

सर्च इंजिनंसुद्धा एकमेकांना असंच पकडतात. २०११च्या फेब्रुवारीत गूगलने जाहीर केलं की आपण शंभरेक निरर्थक शब्दांना मुद्दाम भलतेच निकाल जोडले होते आणि त्यांतले काही बिंगवर उमटले. आपण नक्कल करत नाही, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं पडलं. वाद कुणी जिंकला ते राहू द्या. सापळा पंधराव्या शतकातला होता.

ही विद्या मराठी मुलखात परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९मध्ये सुरू झालं. १९२५पासून वि. स. सुखठणकरांनी ते हाती घेतलं, १९३३मध्ये आदिपर्व पुरं झालं आणि सगळी आवृत्ती १९६६मध्ये. सुखठणकरांपुढची अडचण इटलीतल्यापेक्षा मोठी होती. आपले लेखनिक एकाच पोथीवरून उतरवून थांबत नसत. दुसरी पोथी मिळाली की तिच्यातलेही श्लोक आत घेत. त्यामुळे सरळ वंशवृक्ष काढता येत नव्हता, सगळीच सरमिसळ. आज पाच पानांतली वाक्यं उचलून, शब्द फिरवून सहावं पान केलं जातं, तेव्हा यंत्राची हीच पंचाईत होते.

गोव्याशी खरी गाठ पडते ती पुढे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७चा, गोव्यातल्या कोसबेन गावचा. शिक्षण हार्वर्डला, पेशा गणिताचा, मुक्काम बराच काळ पुण्यात. या गणितज्ञाने भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखितं ताडली आणि १९४८मध्ये मुंबईत सिंघी जैन ग्रंथमालेत चिकित्सक आवृत्ती काढली. (संस्कृत सुभाषितांचा हा ग्रंथ त्यांनी मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांना अर्पण केला आहे. ग्रंथमालेच्या संपादकांनी तो तसाच छापला, हे त्यांचं मोठेपण.) भर्तृहरीच्या नावावर आठशेच्या वर श्लोक जमा झाले होते. कोसंबींनी त्यांचे तीन गट पाडले: सगळ्या परंपरांत सापडतात ते २०० श्लोक पहिल्या गटात, काहींतच सापडतात ते दुसऱ्यात, आणि एखाददुसऱ्या पोथीत भेटणारे सटरफटर तिसऱ्यात. भर्तृहरीचा म्हणता येईल असा गाभा पहिल्या गटातला. बाकी चाहत्यांची भर.

इथं पोथ्यांच्या या लाडक्या सिद्धांताला पहिली ठेच लागते. कोसंबींच्या हिशेबात जे सर्वत्र आहे ते अस्सल, आणि एकाच ठिकाणी आहे ते संशयास्पद. सर्च इंजिनाचा हिशेब याच्या बरोबर उलटा. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२मध्ये मांडलेलं सूत्र असं, की जो शब्द सगळ्याच कागदांत येतो त्याला शोधात किंमत नाही. जो थोड्यांत येतो तोच कामाचा. ‘गोवा’ या शब्दाने काहीच गाळून निघत नाही, ‘लामगाव’ने निघतं. मग कोसंबी या कुळातले कसे?

उत्तर असं, की दोघांचा प्रश्न वेगळा आहे आणि हत्यार एकच. कोसंबींना हरवलेला मूळ लेखक हवा होता, म्हणून त्यांनी सामाईक ते ठेवलं. यंत्रापुढे मूळही आहे आणि नकलाही आहेत; त्याला वाचकापुढे एकच पान ठेवायचं असतं, म्हणून ते सामाईक भागावरून गोत्र ओळखतं आणि गोत्रातलं एकच पान पुढे करतं. दोन्हीकडे आधी मोजायचं ते एकच: कोणाचं कोणाशी किती जुळतं.

हौशी माणसाला कोसंबींचा आणखी एक धागा फार खुणावतो. १९४३मध्ये त्यांनी फलनांच्या संख्याशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यातलं गणित पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध झालं, हल्ली कोसंबींचंही नाव आधी जोडतात. त्याच जातीच्या गणितावर १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शब्दांमागचा दडलेला अर्थ पकडायची एक पद्धत निघाली, आणि तिचं संक्षिप्त नाव घेऊन वेबसाइटवाले आजही ‘एलएसआय कीवर्ड’ विकतात. म्हणजे सर्च इंजिनाचा पाया कोसबेनच्या माणसाने घातला? छे. ‘एलएसआय कीवर्ड’ असं काही नसतंच, हे गूगलच्या जॉन म्युलर यांनी २०१९मध्येच सांगून टाकलं. धागा सुंदर आहे, पण सोडून द्यावा.

न सोडण्यासारखा धागा १९९७चा आहे. अल्टाव्हिस्टा हे तेव्हाचं मोठं सर्च इंजिन. आंद्रेई ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी त्याने गोळा केलेली सुमारे ३ कोटी पानं घेतली आणि जुळी पानं शोधायची युक्ती काढली. कौलारू छपरावर नळे जसे एकमेकांवर थोडे चढवून घालतात, तसे मजकुराचे ठरावीक शब्दांचे तुकडे पाडायचे, दर वेळी एक शब्द पुढे सरकून. करून पाहण्यासारखं आहे. ‘डिचोली तालुक्यात खात्रीची टॅक्सी हवी असेल तर आजच फोन करा’: दहा शब्द. चार-चार शब्दांचे तुकडे पाडले तर ७ होतात. ‘डिचोली’च्या जागी ‘पेडणे’ घातलं की त्यातला फक्त पहिला बदलतो. दोन्ही वाक्यांचे मिळून वेगवेगळे तुकडे ८, सामाईक ६. साम्य ७५ टक्के. आता ४०० शब्दांचं पान घ्या, तालुक्याचं नाव अंतराअंतरावर पाचदा. तुकडे ३९७, बदलणारे २०, सामाईक ३७७. साम्य ९० टक्क्यांच्या वर. पान जितकं लांबवाल तितकी चोरी जास्त उघडी पडते.

अब्जावधी पानांचे तुकडे एकमेकांशी ताडायचे तर जन्म जाईल. त्यावर तोड काढली मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या मोझेस चारीकर यांनी, २००२मध्ये. प्रत्येक पानाचा एक छोटा अंगठा घ्यायचा, असा की पानं सारखी असली तर अंगठेही जवळपास सारखे यावेत. २००७मध्ये गूगलमधल्या कामावरून मनकू, जैन आणि दास सरमा यांनी दाखवलं, की ८ अब्ज पानांसाठीही ६४ बिटांचा अंगठा पुरतो. दोन अंगठ्यांत तीन बिटांपर्यंतच फरक असला तर पानं जुळी समजावीत. ब्रोडर, चारीकर आणि पिओत्र इंडिक यांना या विद्येबद्दल २०१२चा कानेलाकिस पुरस्कार मिळाला. यातल्या कुणी पोलित्सियानो किंवा सुखठणकर वाचून हे केलं, असा दावा इथं नाही. एकच अडचण आली, की माणसं एकाच वाटेला लागतात. कुळ रक्ताचं नसलं तरी धंद्याचं असतं.

यावर जाणकार हरकत घेतील, की जुळं असणं वेगळं आणि कमी मोलाचं असणं वेगळं. कमी मोलाचा शिक्का पांडाने आणला. पांडा हा २०११च्या फेब्रुवारीतला गूगलचा बदल, नवनीत पांडा या अभियंत्याच्या नावाचा, अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांचे निकाल त्याने हलवले. आधी माणसांना पानं दाखवून मतं घेतली आणि मग यंत्राला ती शिकवली. म्हणजे कसोटी विश्वासाची, नकलेची नव्हे. हरकत वजनदार आहे. पण त्याच वर्षी मे महिन्यात गूगलच्या अमित सिंघल यांनी वेबसाइटवाल्यांसाठी २३ प्रश्न जाहीर केले, ते वाचावेत. एका प्रश्नात किरकोळ शब्द बदलून केलेले एकाच विषयावरचे लेख थेट येतात. दुसऱ्यात विचारलंय, की निकालांतल्या इतर पानांच्या तुलनेत हे पान काही भरीव देतं का. मोल तुलनेनेच ठरतं, हे साक्षीदार पोथ्यांचंच तत्त्व. २०२४च्या मार्चमध्ये गूगलने घाऊक मजकुरावर नवा नियम केला, त्याचाही रोख तोच: यंत्राने लिहिलं की माणसाने, याला महत्त्व नाही, ढिगाने लिहून भर काही घातली का, ते सांगा.

म्हणून साचा वाईट असतो असंही नाही. एकाच चौकटीत बारा तालुके बसवणारं पान पेडण्यासाठी पिन कोड ४०३५१२ आणि केरी–तेरेखोल फेरीबोटीच्या वेळा देत असेल, डिचोलीसाठी ४०३५०४ आणि नार्वे–दिवाडीच्या वेळा देत असेल, तर शब्दांचं साम्य खूप निघेल, पण वाचक फेरी चुकणार नाही. तुकडे मोजणाऱ्या यंत्राला हा फरक सहज कळत नाही, आणि प्रामाणिक पानांवर अन्याय होतो तो इथंच.

दुसरा अन्याय मूळ कोणतं हे ठरवताना होतो. २००९च्या फेब्रुवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक खूण ठरवली, की जुळ्या पानांतलं मुख्य कोणतं ते मालकाने स्वतःच सांगावं. इंजिन ती सूचना म्हणून घेतं, आज्ञा म्हणून नाही. मालक दोन वेगळे असले तर काय? मांद्र्याच्या छोट्या होमस्टेने लिहिलेली माहिती मोठ्या पोर्टलने उचलली, तर इंजिनाला पोर्टल आधी भेटलेलं असू शकतं, दुवेही त्यालाच जास्त. गोव्याला असा पेच जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला १६१६मध्ये छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४मध्येही. त्या छापील प्रतींपैकी आज एकही माहीत नाही. मंगळुरात १९०७ची आवृत्ती निघाली ती रोमी लिपीतल्या हस्तलिखितांवरून. मग १९२०च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी प्रत मिळाली, तिची भाषा अधिक संस्कृतप्रचुर, आणि मूळ ग्रंथ कोणत्या लिपीत लिहिला गेला यावर अभ्यासकांत तट पडले.

अशा वेळी वयावर जाऊ नये, असं पाठचिकित्सक सांगतात. जॉर्जो पास्क्वाली या इटालियन पंडिताने १९३४मध्ये बजावलं, की पोथी उशिराची आहे म्हणून ती हलकी ठरत नाही. कालची नक्कल एखाद्या हरवलेल्या, फार जुन्या प्रतीवरून केलेली असू शकते. मांद्र्याचा होमस्टेवाला आपलं पान उद्या नव्या पत्त्यावर हलवेल, तेव्हा इंजिनाच्या वहीत त्याची तारीख पोर्टलच्या नंतरची पडेल.